झेड ॲक्सिस खाली सरकतोय, लाकूड फुगत नाहीये

प्रति,
सर्व्हिस विभागप्रमुख

विषय: १३२५ सीएनसी राउटर (लाकूड कोरायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), ११ जूनला झेडच्या (बिट वर-खाली नेणाऱ्या अक्षाच्या) मोटरचा ड्रायव्हर बदलल्यापासून कोरण्याची खोली चुकते, तक्रार चौथ्यांदा न सोडवता बंद केल्याबाबत

आज, १९ जुलै २०२५ रोजी, सकाळी तुमच्या सर्व्हिस सेंटरचा फोन आला. तो ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. फोन संपून दहा मिनिटं होत नाहीत तोच ‘आपली तक्रार निवारण झाली आहे’ असा मेसेज आला. असा मेसेज येण्याची ही चौथी वेळ. मशीन होतं तसंच आहे.

आधी घडलं ते सांगतो. ७ जूनच्या रात्री आमच्याकडे विजा पडल्या आणि झेडचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची मोटर फिरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेला. ११ जूनला तुमचा माणूस आला आणि त्याने नवीन ड्रायव्हर बसवला. तो दुसऱ्या मेकचा होता. एक्स आणि वाय या आडव्या अक्षांचे ड्रायव्हर मूळचेच राहिले. त्याने झेड वर-खाली करून दाखवला, १०० मिलिमीटर बरोबर मोजून दाखवले, माझी सही घेतली आणि तो गेला. मशीन घेतल्यापासून १० जूनपर्यंत झेडबद्दल माझी एकही तक्रार नव्हती, तुमच्या रजिस्टरमध्ये बघा. १२ जूनपासून झेड घसरायला लागला.

आम्ही कुडाळला मखरं, देव्हारे, दारांच्या चौकटी करतो. मखराच्या एका फळीवर व्ही बिटने (टोकदार कोरणाऱ्या पात्याने) १२०० पाकळ्या कोरायच्या असतात. प्रत्येक पाकळीला बिट खाली जातो, कोरतो, वर येतो. पहिली पाकळी २ मिलिमीटर खोल येते, जशी हवी तशी. शेवटची मोजली तर पावणेसहा. फळी एका टोकाला नाजूक दिसते आणि दुसऱ्या टोकाला कुऱ्हाडीने फोडल्यासारखी. अशा सहा फळ्या गेल्या, त्यातल्या चार सागाच्या. सागाचा भाव तुम्हाला ठाऊक नसेल तर विचारा, बिलं पाठवतो. आणि त्याच मशीनवर किचनचे शटर कापले तर एकही चुकत नाही, कारण तिथे झेड दिवसभरात पन्नास वेळाही वर-खाली होत नाही. एवढ्यावरूनच तुमच्या माणसाला कळायला हवं होतं.

पहिल्या फोनला सांगितलं, अर्थिंग बघा. बघितलं. नुसतं बघितलं नाही, नवीन खड्डा खणून वेगळं अर्थिंग केलं, साडेआठ हजार गेले. दुसऱ्या फोनला सांगितलं, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालवणाऱ्या इन्व्हर्टरचा नॉइज येतो, शिल्डेड केबल टाका. तीही टाकली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं. तिसऱ्या वेळी माणूस आला, त्याने झेडची मोटर बदलली, ‘आता जाणार नाही’ म्हणाला आणि त्याच्या पाठोपाठच पुढची फळी वाया गेली.

मग मी स्वतः मोजायला बसलो. हे आकडे मी तुम्हाला दोनदा ईमेलने पाठवले, एकदाही उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. स्पिंडलमधून बिट काढला. इन्व्हर्टरचा एमसीबी पाडला. स्पिंडलच्या ब्रॅकेटला डायल गेज (बारीक अंतर मोजणारं काट्याचं माप) बांधला, खाली अॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवला आणि झेड ५ मिलिमीटर वर, ५ मिलिमीटर खाली, असा ४०० वेळा फिरवला. शून्यावर परत यायला हवा होता, तो १.२५ मिलिमीटर खाली आला. ८०० वेळा फिरवला, २.५० खाली. फीड, म्हणजे सरकण्याचा वेग, ३००० वरून ५०० वर आणला, तरी १.२५. एकदाच १०० मिलिमीटर वर नेऊन खाली आणला, तर काटा हललासुद्धा नाही. म्हणजे किती अंतर गेला याच्याशी संबंध नाही, वेगाशी नाही, स्पिंडल चालू आहे की बंद याच्याशीही नाही. किती वेळा दिशा बदलली, एवढ्याशीच आहे.

तुमचा बॉल स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका वेढ्याला झेड ५ मिलिमीटर सरकतो, आणि ड्रायव्हर एका वेढ्याला १६०० पल्सवर (कंट्रोलरच्या ठोक्यांवर) लावलेला. म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स, एका पल्सला ०.००३१२५ मिलिमीटर. १.२५ भागिले ४००, बरोबर तेवढेच. दर फेरीला वर जातानाची एक पल्स गळते. १२०० पाकळ्यांना पावणेचार मिलिमीटर. माझ्या फळीवरचा फरकही तेवढाच आहे.

मोटर घसरत असती तर असं घसरलीच नसती. १.८ अंशाची स्टेपर मोटर (पावलापावलाने फिरणारी) ताल चुकली की चार फुल स्टेपच्या, म्हणजे पूर्ण पावलांच्या, पटीत चुकते, म्हणजे ७.२ अंश, तुमच्या स्क्रूवर ०.१ मिलिमीटर. एक-एक पल्स गळणं हे तिचं काम नव्हे. नॉइज असता तर आकडा दर वेळी वेगळा आला असता. कपलिंग सैल असतं तर मी मार्करने मारलेली रेघ सरकली असती, ती सरकलेली नाही. मग मोटर कशाच्या आधारावर बदलली? आणि त्या भेटीचे प्रवासखर्च म्हणून ३,२०० रुपये माझ्याकडून का घेतले?

नवीन ड्रायव्हरच्या खोक्यातला कागद मी वाचला. दिशेचा सिग्नल पल्सच्या आधी किमान ५ मायक्रोसेकंद स्थिर असायला हवा, असं त्यात लिहिलं आहे आणि पल्सच्या कोणत्या कडेवर (चढत्या की उतरत्या) तो पाऊल टाकतो तेही लिहिलं आहे. जुना ड्रायव्हर पाऊल टाकायचा एका कडेवर, नवीन टाकतो दुसऱ्या. तुमच्या कंट्रोलरमधलं झेडचं सेटिंग अजून जुन्या ड्रायव्हरचं आहे. त्यामुळे वर वळताना दिशा आणि पल्स एकमेकांवर चढतात आणि एक पल्स वाया जाते. एक्सला हीच चाचणी केली, तिथे जुना ड्रायव्हर आहे, ४०० फेऱ्यांनंतर काटा शून्यावर. अजून काय पुरावा हवा?

ते सेटिंग फॅक्टरी पासवर्डच्या मागे आहे. पासवर्ड तुमच्याकडे आहे. तेवढं एक सेटिंग बदलून बघायला पाच मिनिटं लागतात. मी गेले पाच आठवडे तेवढंच मागतो आहे.

आता आजच्या फोनबद्दल. हे मला लिहावंच लागेल, कारण याच फोनवर तुम्ही माझी तक्रार बंद केलीत.

फोन स्पीकरवर होता. समोर माझे वडील बसले होते, वय ७१, आयुष्य लाकडात गेलं. मी वरचे सगळे आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून. तुमचे सीनियर इंजिनियर मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, चला, शेवटी कोणी तरी ऐकतंय. माझं संपल्यावर ते म्हणाले, “काका, तुमच्याकडे कोकणात पाऊस चालू आहे ना?” मी म्हटलं, हो. “मग लाकडाला ओल लागते. लाकूड फुगतं. वर आलं की बिट जास्त खोल बसतो. मशीन ओके आहे.” मी म्हटलं, साहेब, मी लाकूड कापतच नव्हतो, बिट काढलेला होता, खाली अॅल्युमिनियम होतं. त्यावर ते म्हणाले, “ठीक आहे, पण लाकूड तुम्ही कुठून घेता? नीट सुकवून घेत चला.” मी तिसऱ्यांदा सांगितलं की चाचणीत लाकूडच नाही. तेव्हा म्हणाले, “तुमचा सुतार झीरो नीट घेत नसेल. त्याला ट्रेनिंगला पाठवा, आम्ही चार्जेबल ट्रेनिंग देतो.”

तो सुतार समोर बसला होता. वडील मला हळूच म्हणाले, “अॅल्युमिनियम फुगता काय रे?” मी तोच प्रश्न फोनवर विचारला. उत्तर आलं नाही. “तिकीट क्लोज करतो,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्याकडे फणसाची फळी दोन पावसाळे सावलीत रचून ठेवल्याशिवाय रंध्याखाली जात नाही. ओल काय करते ते आम्हाला पुण्यात बसलेल्या माणसाने शिकवायचं? आणि चूक शिकवायचं? ओल्या लाकडाने फळी वाकते, फटी पडतात, सांधे सुटतात. पहिल्या पाकळीपासून शेवटच्या पाकळीपर्यंत एका रेषेत, मोजून, दर पाकळीला तेवढीच खोली वाढवत लाकूड फुगत नाही. माझ्या वडिलांनी हे मशीन घ्यायला आधी नको म्हटलं होतं. मीच त्यांना समजावलं होतं की ही कंपनी सर्व्हिस चांगली देते. आज त्यांच्यासमोर मला मान खाली घालावी लागली, ती तुमच्यामुळे.

चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. आजपासून ३९ दिवस. चौदा मखरांची ऑर्डर आहे, बहुतेक मुंबईच्या चाकरमान्यांची, ज्यांनी मे महिन्यात गावी येऊन आगाऊ पैसे दिले. त्यांना मी काय सांगू? सध्या पाकळ्यांचा प्रोग्राम शंभर-शंभरच्या तुकड्यांत तोडून, प्रत्येक तुकड्यानंतर झेड पुन्हा होम करून, म्हणजे मूळ जागेवर नेऊन, काम ओढतो आहे. तरीही तुकडा जिथे जोडला तिथे ०.३ मिलिमीटरची पायरी दिसते, ती वडील पटाशीने हाताने मिटवतात. जीएसटीसह ८,०८,३०० रुपये देऊन घेतलेल्या मशीनचं काम ७१ वर्षांचा माणूस पटाशीने पुरं करतो आहे. मुद्रा कर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेला वेळेवर जातो.

माझी मागणी: बुधवार, २३ जुलैपर्यंत फॅक्टरी पासवर्ड द्या किंवा ज्याला हे सेटिंग कळतं असा माणूस पाठवा. त्याने माझ्यासमोर ४०० फेऱ्यांची चाचणी करून काटा शून्यावर आणून दाखवावा आणि मगच सही मागावी. प्रवासखर्चाचे ३,२०० रुपये आणि वाया गेलेल्या चार सागाच्या फळ्यांची किंमत परत करा. तक्रार माझ्या लेखी संमतीशिवाय बंद करू नका.

हे झालं नाही तर मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘मशीन धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं तुमचा वकील म्हणेल, म्हणून आधीच सांगतो: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते आणि तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मला पुण्याला यावं लागणार नाही. डायल गेजचे व्हिडिओ तारखेसह जपून ठेवले आहेत. आजचा फोनही रेकॉर्ड आहे.

चाचणीचा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) सोबत जोडला आहे, बारा ओळींचा आहे. तुमच्या शोरूममधल्या मशीनवर तोच ड्रायव्हर लावा आणि चालवून बघा. मला पुढचा फोन करणाऱ्याने ते आधी केलेलं असावं.

मशीनमालक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग