आईची बोट

प्रिय पक्या,

सहा महिने फोन नाही, मेसेज नाही, बंड्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो टाकलेस त्यावरही मी नुसता अंगठा टाकला, सगळं मान्य आहे. शिव्या भेटल्यावर घाल. आज लिहायला बसलो कारण गेल्या शनिवारी जे झालं ते नीतालाही मी पूर्ण सांगितलेलं नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळेल असं वाटत नाही. तब्येती ठीक, माझी शुगर आहे तिथेच, आईचं बीपी गोळीवर चाललंय.

तर आईला जरा समुद्र दाखवावा म्हणून इथे ग्रीसमधल्या एजिना बेटावर न्यायचं ठरवलं. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून साध्या बोटीने सव्वा तास, म्हणजे तिला झेपेल असं. पिरेयस केवढं मोठं आहे ते तुला इथे आल्याशिवाय कळणार नाही, ई १ पासून ई १२ पर्यंत गेटं, क्रीटच्या रात्रीच्या बोटी एका टोकाला, पारोस-नाक्सोस बेटांच्या बोटी मेट्रो स्टेशनसमोर, एजिनाच्या ई ८ ला, आणि चुकीच्या गेटवर उभं राहिलं की बोट डोळ्यांसमोरून जाते. बोट उलटी येऊन धक्क्याला लागते, मागचा दरवाजा खाली पडतो, आणि त्याच एका तोंडातून ट्रक, मोटरसायकली, कुत्री, म्हाताऱ्या बायका सगळे एकदम आत शिरतात. डिझेलचा वास, खलाशांच्या शिट्ट्या. आईने पदर खोचला आणि माझ्यापुढे चढून गेली, मला म्हणते, "बघत काय राहिलास, जागा जाईल!" ते वाक्य ऐकून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. गेल्या वर्षभरात एवढ्या खणखणीत आवाजात ती बोललीच नव्हती.

वर खिडकीजवळ तिला बसवलं आणि लक्षात आलं, तिच्या गोळ्यांची पिशवी तिकिटाच्या खिडकीवरच राहिली. म्हटलं, दोन मिनिटांत येतो, इथून हलू नकोस. खाली धावलो, पिशवी घेतली, वळलो तर दरवाजा जमिनीपासून कमरेएवढा वर. दोर सुटलेले. उडी मारली असती तर पोचलो असतो कदाचित. पण सप्टेंबर २०२३ मध्ये याच बंदरात शेवटच्या क्षणी बोटीत चढायला धावलेल्या एका प्रवाशाला बोटीवरच्या माणसाने ढकललं, तो पाण्यात पडला आणि गेला. इथल्या टीव्हीवर तो व्हिडिओ कितीतरी दिवस चालू होता, माझे पाय तिथेच थिजले. ओरडलो, हात केले. बोट गेली. आईचा फोन माझ्या खिशात.

पक्या, रेवसची लाँच आठवली बघ मला तेव्हा. मी भेळ आणायला उतरलो आणि तू एकटाच पुढे गेलास, मी भाऊच्या धक्क्यावर दोन कागदी पुड्या घेऊन उभा. चाळीस वर्षं मी तुला सुनावत आलो की तू तांडेलाला थांब म्हणाला नाहीस, तुझ्या लग्नातसुद्धा तुझ्या सासऱ्यांसमोर ते काढलं होतं. सांगून थांबत नाही रे बोट. तुझं काही चुकलं नव्हतं, हे आज लिहून देतो. भेळेचे पैसे मात्र अजून यायचेत.

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने माझा चेहरा बघूनच ओळखलं असावं. तिने बोटीवर फोन लावला आणि मला जलद बोटीचं तिकीट दिलं. ती बोट पाण्याबाहेर पायांवर उचलली जाते, चाळीस मिनिटांत एजिना. आत बंद, विमानासारख्या खुर्च्या, काचांवर मिठाचे डाग. बाहेर नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं मागे गेली आणि मग ती दिसली, आईची बोट, पांढरी, सावकाश चाललेली. आम्ही तिच्या बाजूने पुढे निघून गेलो. त्या काचेतून मला फक्त खिडक्यांची रांग दिसत होती आणि त्यातल्या कुठल्यातरी एकीत माझी आई. तेवढी दोन मिनिटं मला श्वास घेता येईना, खरं सांगतो.

एजिनाच्या धक्क्यावर छोटंसं पांढरं चर्च आहे, सेंट निकोलसचं, दर्यावर्दींचा राखणदार तो. तिथे उभा राहिलो. बोट लागली, आई खलाशाचा हात धरून सावकाश उतरली. घाबरलेली नाही, रडलेली नाही. तोंडावर हसू. मला बघून म्हणाली, "तू पुढे कधी आलास?" आणि आजूबाजूला बघत, "पडावात उतरायला नको, बरं झालं. धक्का बांधलनीत वाटतं आता." मग पुढे हात केला, "किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

तिला वाटलं रत्नागिरी आली, पक्या. मुंबईहून कोकण बोटीने येऊन, आणि किनाऱ्याला नेणारी नेहमीची छोटी होडी, पडाव, नाही म्हणून ती खूश.

मी हो म्हणालो. काय म्हणणार? पिस्त्याच्या गाड्यांवरून तिला फिरवलं, तिथला पिस्ता नावाजलेला आहे, तिने चार दाणे सोलले, सालं रुमालात बांधून घेतली. मासळीवाल्यांकडे बघून "महाग झालंय" म्हणाली. संध्याकाळी परतीच्या बोटीत चढताना ती गप्प झाली. रात्री घरी येऊन पलंगावर बसली आणि विचारलं, "आपण मुंबईला परत का आलो?"

तेव्हापासून मला झोप नाही. मी तिला इथे आणलं कारण रत्नागिरीला ती एकटी होती, गॅस चालू ठेवायची, दोनदा रात्री दार उघडं सापडलं, तूच फोन केला होतास. डॉक्टर म्हणतात हे असंच वाढत जाणार, माणसं ओळखीची ठेवा. पण माणसं ओळखीची आहेत ना इथे, मी आहे, नीता आहे. घर ओळखीचं नाही. नीता म्हणते तिथे नेलंस तर तिथेही ती तिसऱ्या दिवशी माहेरच विचारेल, आणि ते खरंही असेल. पण मी तिचं हसू पाहिलंय ना धक्क्यावर. माझ्या घरात दोन वर्षांत ते मला दिसलं नाही.

बरं, आता तुम्ही दोघं इथून क्रूझला जाणार त्याचं. विमानतळावरून निळ्या मेट्रोने सरळ पिरेयसच्या दिमोतिको थिआत्रो स्टेशनला, ऑक्टोबर २०२२ पासून थेट गाडी आहे, तासाभरात पोचाल. पण क्रूझ ई ११ - ई १२ कडे लागते, स्टेशनपासून बॅगा ओढत लांब आहे, वैशालीला चालवू नकोस, टॅक्सी कर. पाकीट पुढच्या खिशात. मी स्टेशनवर असेनच. तुझ्या गुडघ्याचं काय झालं, आणि अमेयचं पुण्याचं पक्कं झालं का, लिही.

आणि एक काम कर. किल्ली तुझ्याकडे आहे, रत्नागिरीच्या घरात एकदा जाऊन ये. माजघराची कौलं किती फुटलीत, न्हाणीचा दरवाजा लागतो का, विहिरीचा पंप चालतो का, आणि शेजारच्या काकी राहायला कुणी बाई बघून देतील का, तेवढं विचार. फोटो पाठव. आईला ते दाखवू की नको हे मला अजून ठरवता येत नाहीये, पण पाठव.

तुझा,
सुध्या