दोन्ही घड्याळं चालू झाली

प्रिय आई आणि बाबा,

सा. नमस्कार.

मागच्या वेळी निघताना तुमची दोन्ही घड्याळं मी बरोबर आणली होती. त्यांची हकीकत फोनवर सांगायला लागले की दोन मिनिटांत विषय औषधांवर आणि झोपेवर जातो, म्हणून या वेळी सविस्तर लिहायला बसले. बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या घड्याळाचं शेवटी येईल, तोपर्यंत तिने उठून जाऊ नये.

आधी महत्त्वाचं. दोन्ही घड्याळं चालू झाली आहेत. आणि बाबा, तुमचं घड्याळ तुमच्या हातून बिघडलेलं नव्हतं.

एका सकाळी घाईत चावी जास्त दिली गेली, स्प्रिंगवर ताण आला आणि घड्याळ कायमचं बंद पडलं, असं तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात. आईलाही तेच वाटतं. मी मागचं झाकण उघडलं तेव्हा स्प्रिंग पूर्ण आवळलेली होती, पण अगदी शाबूत होती. चावी पूर्ण झाली की ती पुढे फिरत नाही, त्यात यंत्राचं काहीच बिघडत नाही. जोर करून ढकललं तर काहीतरी मोडू शकतं हे खरं, पण तुमच्या घड्याळात एकही दाता तुटलेला नव्हता. पूर्ण चावी दिलेलं आणि तरी बंद असलेलं घड्याळ हातात आलं की माणसाला वाटतं, चावीनेच घात केला. जगभर लोक हेच समजतात. खरं कारण बहुतेक वेळा तेल असतं, आणि तुमच्याही घड्याळात तेच होतं.

या घड्याळात 17 ज्वेल आहेत. हे ज्वेल म्हणजे कारखान्यात बनवलेल्या माणकाचे बारीक खडे. त्यांतल्या बहुतेकांच्या भोकांत चक्रांच्या आसांची टोकं फिरतात. त्या प्रत्येक टोकाशी तेलाचा एक थेंब लागतो, तोही सुईच्या अग्रावर जेमतेम दिसेल एवढा. जास्त झाला तर तेल जागा सोडून पसरतं, कमी पडला तर झीज सुरू होते. तुमच्या घड्याळात हे तेल सुकून तपकिरी, चिकट झालं होतं. भिंगातून बघितलं तर एका खड्याभोवती गोल वळं दिसत होतं. स्प्रिंग ओढत होती, पण चक्रं त्या चिकटपणाला रेटू शकत नव्हती.

मी सगळं सुटं केलं, धुतलं, भोकं लाकडी काडीच्या टोकाने साफ केली, पुन्हा जोडलं आणि नवं तेल घातलं. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाचा ताल धरणारं चाक, जागेवर ठेवून शेवटचा स्क्रू आवळण्याआधीच ते आपोआप झुलायला लागलं. या छंदातला मला सर्वात आवडणारा क्षण हाच. काही सेकंदांपूर्वी जे नुसते धातूचे तुकडे होते, ते एकमेकांना ओळखायला लागतात.

घड्याळाचे ठोके ऐकून आलेख काढणारं एक छोटं यंत्र माझ्याकडे आहे. बॅलन्स किती लांब झोका घेतं ते त्यावर कळतं. चांगल्या अवस्थेतलं घड्याळ पूर्ण चावीवर साधारण 270 ते 300 अंशांचा झोका घेतं. धुण्याआधी हलवून हलवून तुमचं चालू केलं, तेव्हा तो 180 च्या आसपासच रेंगाळत होता. आता आडवं ठेवल्यावर 280 दाखवतं. उभं धरलं की थोडं कमी होतं, ते ठीकच आहे.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी, कारण वर्गात आयुष्यभर तुम्ही हेच शिकवलंत. हे बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. त्याचा ताल सांभाळते ती केसासारखी बारीक, गुंडाळीच्या आकाराची हेअरस्प्रिंग. ही कल्पना ख्रिस्तिआन हायगेन्सने 1675 मध्ये मांडली. पण साधी पोलादी हेअरस्प्रिंग उन्हाळ्यात मऊ पडायची, थंडीत ताठ व्हायची, आणि घड्याळ ऋतूप्रमाणे मागेपुढे व्हायचं. त्यावर तोडगा निघाला तो शार्ल एदुआर ग्योम यांच्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामातून. याच कामासाठी त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचे वडील घड्याळाच्या धंद्यातले होते. तापमान बदललं तरी जिचा ताठपणा जवळपास बदलत नाही अशी स्प्रिंग त्यातून पुढे आली.

तुमचं घड्याळ आता दिवसाला आठ-दहा सेकंद पुढे जातं. दिवसाचे 86,400 सेकंद धरा आणि चूक टक्क्यांत काढा. 0.012 टक्केसुद्धा भरत नाही. सेल नाही, तार नाही, तुमच्या बोटांनी दिलेल्या ताकदीवर एवढं अचूक चालणारं दुसरं काही आपल्या घरात आहे का, सांगा.

"मनगट एक आणि घड्याळं इतकी कशाला?" हा तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. वेळ बघायला मला खरं तर एकही लागत नाही, फोन जवळ असतोच आणि तो जास्त अचूक असतो. मी घड्याळ घेते ते आत काय आहे ते बघून. एक चावीचं आहे, एक ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकमध्ये हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप आवळली जाते. एक सुरुवातीच्या काळातलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, आहे. प्रत्येकात एखाद्या माणसाने एका अवघड प्रश्नाला दिलेलं वेगळं उत्तर आहे. तेच काम तसंच करणारं दुसरं घड्याळ माझ्याकडे आलं, तर त्यातलं एक मी कुणालातरी देऊन टाकते. आणि जी आहेत ती सगळी मी आलटून पालटून घालते. डबीत नुसती बघायला ठेवलेली घड्याळं जमवण्यात मला रस नाही.

तुमच्या घड्याळाची काच प्लास्टिकची आहे, त्यामुळे ओरखडे पॉलिशची पेस्ट लावून घासून काढता आले. सहाच्या आकड्याजवळचा एक ओरखडा खोल होता, तो काढायला काच फार पातळ करावी लागली असती, म्हणून राहू दिला. डायलला मात्र मी हात लावलेला नाही. चारच्या आकड्याशेजारी जो पिवळट डाग पडला आहे, तो तसाच आहे. डायल नव्याने रंगवून मिळते, पण त्यात मूळचे बारीक आकडे जाडे होतात, रेघा सरकतात, नावाची अक्षरं बदलतात. जमवणाऱ्यांमध्ये डाग असलेली मूळ डायल नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा मोलाची मानतात, आणि मला ते मनापासून पटतं. तो डाग तुमच्या मनगटावर पडलेला आहे. तुम्हाला तो नकोच असेल तर सांगा, पण माझं मत ठेवावा असंच आहे.

आता आईचं घड्याळ. आई, तुझं घड्याळ थोडक्यात वाचलं.

तू ते बंद पडल्यावर मऊ कापडात गुंडाळून ठेवलंस, ओल येऊ नये म्हणून डबी घट्ट लावलीस. पण संपलेला सेल आतच राहिला. संपलेला सेल कालांतराने पाझरायला लागतो, आणि ते द्रव्य आतल्या सर्किटवर गेलं की घड्याळ संपलं. तुझ्या सेलच्या कडेला पांढरी भुकटी जमायला लागली होती. पण ती फक्त धातूच्या पट्टीवर होती, सर्किटपर्यंत पोचली नव्हती. पट्टी साफ केली, नवा सेल घातला, सेकंदकाटा लगेच टकटक करायला लागला.

तुझ्या घड्याळाला बाबांच्या घड्याळापुढे साधं समजू नकोस. आत एक इवलासा क्वार्ट्झचा स्फटिक आहे, विजेवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. तो आकडा एकापाठोपाठ एक पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर तुझा काटा एक घर पुढे सरकतो. बाबा, करून बघा, हिशोब चोख उतरतो. 1969 च्या जुलैमध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या हातावर चावीचंच घड्याळ होतं, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सेको कंपनीने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. त्यानंतर काही वर्षांत चावीची घड्याळं बनवणारे किती कारखाने बंद पडले! तुमच्या दोघांच्या घड्याळांत हे दोन काळ आहेत. मला दोन्ही सारखेच आवडतात. क्वार्ट्झला कमी लेखणारे जमवणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं मला पटत नाही.

पण आई, तुझं घड्याळ चालू झालं तरी ते तुझ्या रोजच्या उपयोगाचं राहिलेलं नाही, हे मला मागच्या वेळी दिसलं. डायल नखाएवढी, आकड्यांऐवजी नुसत्या रेघा, आणि सोनेरी डायलवर सोनेरी काटे. तू वेळ बघायला खिडकीपाशी गेलीस, मग मला विचारलंस. शिवाय सकाळी बोटं आखडलेली असताना तो बारीक हूक लावणं तुला जमत नाही. म्हणून रोजच्यासाठी दुसरं घड्याळ काढून ठेवलं आहे: पांढरी डायल, काळे ठळक आकडे एक ते बारा, काळे काटे, वजनाला हलकं. त्याला ताणून हातात सरकवायचा लवचिक पट्टा लावणार आहे, म्हणजे हूक नाही आणि बकलही नाही. जुनं घड्याळ हवं तेव्हा घाल, पण बंद पडलं की सेल आत ठेवून देऊ नकोस. बाबांना सांग किंवा माझ्याकडे पाठव, मी सेल काढते.

बाबा, तुम्हाला ऑटोमॅटिक हवं असं एकदा म्हणाला होतात, चावी द्यायला नको म्हणून. मी त्यावर बराच विचार केला. ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीवर जगतं. दिवसाचा बराच वेळ खुर्चीत वाचत बसणाऱ्या माणसाच्या हातावर ते पुरेसं भरत नाही, आणि पहाटे कधीतरी थांबतं. मग तुम्हाला वाटेल, पुन्हा आपल्याच हातून काहीतरी झालं. त्यापेक्षा तुमचं आहे तेच बरं. रोज सकाळी एकाच वेळी, हातातून काढून चावी द्या. हातात असताना दिली की तिच्या दांडीवर तिरका जोर येतो. सावकाश, अर्धे अर्धे वेढे. पुढे जात नाही असं बोटाला कळलं की थांबा. त्यापलीकडे घाबरायचं काहीही कारण नाही. बोटं दुखत असतील त्या दिवशी आईला द्यायला सांगा.

बाकी थोडंच. बाबांचं घड्याळ पाण्यापासून जपायचं, आंघोळीआधी काढायचंच. आईच्या नव्या घड्याळावर 30 मीटर लिहिलेलं असेल, त्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालेल इतकाच. गरम पाणी आणि साबण आतल्या रबरी रिंगला वाईट. आणि बाबा, रात्री घड्याळ टॅबवर ठेवायची तुमची सवय सोडा. त्याच्या कव्हरमध्ये लोहचुंबक आहे. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे धावायला लागतं. असं झालं तरी ते बिघडलं असं समजू नका, माझ्याकडच्या यंत्राने चुंबकत्व मिनिटभरात उतरतं.

तेल आता चार-पाच वर्षं बघायला नको, पण ते वापर नसला तरी सुकतच जातं. म्हणून दोघांनाही एकच विनंती आहे: ही घड्याळं परत आली की पुन्हा कपाटात ठेवू नका. चांगली वस्तू ठेवणीत ठेवायची तुमची पद्धत मला माहीत आहे, आणि तिच्यामुळेच ही दोन्ही माझ्यापर्यंत पोचली. पण आता तुम्ही ती घाला. ओरखडे पडू देत. काच बदलता येते, पट्टा बदलता येतो, तेल मी घालीन.

पुढच्या महिन्यात येताना दोन्ही घेऊन येते. त्याआधी एक काम करा. आईच्या मनगटाभोवती, जिथे घड्याळ येतं तिथे, दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजा आणि माप मिलिमीटरमध्ये कळवा. संध्याकाळी मोजा, तेव्हा तिचा हात थोडा सुजलेला असतो आणि पट्टा तेव्हाही आवळता कामा नये.

तुमची,
लेक