काकू, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. बाळाला खांद्यावर टाकून रात्रभर फेऱ्या मारणाऱ्या आणखी कुणाला त्याचा उपयोग झाला तर बरंच.

लेक चार महिन्यांची झाली आणि जरा बसू लागलेली झोपेची घडी पार विस्कटली. तास-दीड तास झाला की जाग. दूध पुरत नसेल, दुधात पीठ कालवून दे, पालथं झोपव म्हणजे गाढ झोपेल, असं जो भेटेल तो सांगायचा. तुम्ही आधी विचारलंत, वजन वाढतंय ना? लंगोट नेहमीसारखे ओले होतात ना? ताप नाही ना? सगळं ठीक आहे म्हटल्यावर समजावलंत, की या वयात झोपेची रचनाच बदलते. गाढ आणि हलकी झोप आळीपाळीने येऊ लागते आणि एक फेरा संपला की बाळ जागं होतं. आपणही होतो, पण कूस बदलून परत झोपतो; तिला ते अजून जमत नाही. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाने हे सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पीठ नाही आणि पालथं तर नाहीच, हेही तुम्हीच ठामपणे बजावलंत. वर्षाची होईपर्यंत पाठीवरच, सपाट घट्ट गादीवर, उशी-खेळण्यांशिवाय.

मग नवव्या महिन्यातली ती गंमत. रात्री रडण्याचा आवाज आला की जाऊन बघावं, तर ही कॉटचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. डोळे झोपेने मिटताहेत, गुडघे थरथरताहेत, पण खाली बसता येत नाही! उभं राहणं आलं होतं, बसणं यायचं होतं. मी बसवायची, ती पुन्हा उभी. तुम्ही म्हणालात, "हे रात्री नाही, दिवसा शिकव." आणि दुपारी तुम्हीच जमिनीवर बसलात. ती खुर्चीला धरून उभी, तिचं आवडतं खेळणं तिच्या पायाशी. एक हात सुटला, गुडघे हळूच वाकले, तुमचा तळहात तिच्या ढुंगणाखाली, आणि धप्प. ती स्वतःवरच खूश होऊन हसली. मग तोच खेळ पुन्हा पुन्हा. काही दिवसांतच रात्रीचं ते उभं राहून रडणं थांबलं. जाग येणं थांबलं नाही, पण आता ती स्वतःच बसायची, आडवी व्हायची.

त्याच सुमाराला मी खोलीबाहेर गेले की ती आकांत करायची. आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे एवढं तिला कळायला लागलंय, म्हणून शोधते, असं तुम्ही सांगितलंत. ते ऐकल्यावर तिच्या रडण्याचा मला त्रास कमी आणि कौतुक जास्त वाटू लागलं.

बरोबरीची मुलं चालू लागली आणि आमची नाही, तेव्हाही तुम्हीच धीर दिलात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 सालच्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान कधीही आधाराशिवाय चालू लागलेली दिसली. काही तर रांगलीच नाहीत. पण निव्वळ गोड बोलून तुम्ही मला परत पाठवलं नाहीत. येत असलेली गोष्ट करेनाशी झाली, आवाजाकडे वळत नसली किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरू लागली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा, हेही स्पष्ट सांगितलंत.

आणि काकू, ज्या गोष्टीसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे ती बाळाची नाहीच. सगळे "बाळ झोपतं का?" विचारत होते. "तू झोपतेस का? मन कसं आहे?" हे तुम्ही विचारलंत. उत्तर देताना माझा आवाज कापला, तेव्हा उपदेश केला नाहीत. संध्याकाळी येऊन लेकीला घेऊन गेलात, मला सलग झोपू दिलंत, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे सोबत आलात. बाळंतपणानंतर मन असं खचू शकतं, त्यावर उपचार आहेत, हे मला तिथे कळलं. एकटी असते तर मी तिथवर गेलेच नसते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची