मुलाचं वजन कुणी विचारलंच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही चौघं मॉरिशसला जाऊन आलो. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. आपल्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला सहलींच्या जाहिराती असतात आणि त्यातल्या बऱ्याच आता ‘मुलांसह कुटुंबासाठी’ असतात. त्या वाचून पैसे भरणाऱ्या आईवडिलांना आणि त्या सहली नेणाऱ्यांना बोटीत मुलांना घालतात त्या लाइफ जॅकेटांबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, म्हणून हे पत्र.

मी गेली चौदा वर्षं डोंबिवलीत शाळेचे गणवेश शिवते. पोरांच्या छातीचं, खांद्याचं, मुंढ्याचं माप रोज हातात असतं. कपडा अंगाला बसलाय की नुसता अडकवलाय, हे मला लांबून कळतं.

पहिले तीन दिवस फार सुखाचे गेले. या बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा लांब तिथेच फुटतात आणि आत पाणी उथळ, संथ राहतं. फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर मागे सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या कोकणातल्यासारखी. रविवारी तिथली कुटुंबं डबे-पातेली घेऊन त्या सावलीत दिवसभर बसलेली असतात. पोहायची जागा पाण्यात बोयांची, म्हणजे तरंगत्या खुणांची, रांग लावून वेगळी केलेली आहे, म्हणजे बोटी पोरांच्या अंगावर येत नाहीत. तिथे एक आजी भेटल्या. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले. त्या आमच्याशी थांबून थांबून, आठवून आठवून मराठी बोलल्या. पोरांचे उघडे पाय बघून त्यांनी आधी दटावलं, की पाण्यात रबरी बूट घातल्याशिवाय उतरवू नका, खाली काटेरी समुद्री साळू असतात, दगडमासा असतो. दगडासारखाच दिसतो तो, आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. दुपारीच जाऊन आम्ही दोघांना बूट घेतले. दुकानात मुलाचा पाय पट्टीवर ठेवून माप घेतलं, मोठा नंबर दिला नाही. बुटाचं माप घेतात, हे सांगायचं कारण पुढे येईल.

चौथ्या दिवशी सहलीच्या कार्यक्रमात पूर्वेकडचं ‘इल ओ सेर्फ’ हे छोटं बेट होतं. त्रू दो दूस या गावातून स्पीडबोटीनं जायचं. धक्क्यावर आमच्या बोटवाल्यानं नारिंगी लाइफ जॅकेटांचा ढीग टाकला. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसांची. मुलाला घातलेल्याचं एक बक्कल तुटलेलं होतं, तिथे नायलॉनची दोरी बांधली होती. जॅकेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं. मुंढे इतके मोठे, की त्यातून माझी मांडी गेली असती.

मी पट्टे होते तेवढे आवळले आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचललं. जॅकेट माझ्या हातात वर आलं आणि मुलगा हात वर करून खालून सुळकन निसटला. त्याला गंमत वाटली, “आई, पुन्हा!” म्हणाला. माझे हातपाय गार पडले. जमिनीवर जे झालं तेच पाण्यात होणार होतं. जॅकेट वर तरंगलं असतं आणि चौदा किलोचं लेकरू त्याच्या खालून गेलं असतं.

गाइडला दाखवलं. तो म्हणाला, काही होत नाही, रोज मुलं जातात. नवरा म्हणाला, पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रवास आहे, मी त्याला मांडीवर घट्ट धरतो. बोटीत बसलेली मंडळी खोळंबली होती, एक काका म्हणाले, “ताई, उशीर होतोय.” मी ओढणी काढून त्याच्या दोन पायांमधून घेऊन जॅकेटला बांधून पाहिली. दोनदा ओढल्यावर गाठ सरकली. ओली झाल्यावर तर तिचा काय भरवसा! मग मी सांगितलं, तुम्ही जा, आम्ही येत नाही.

धक्क्यावर बसलो. मुलगी रडायला लागली. नवरा माझ्याशी बोलत नव्हता. शेजारच्या बोटीवरचा एक म्हातारा नावाडी हे सगळं बघत होता. त्यानं बाकाखालचा कप्पा उघडून दोन लहान जॅकेटं काढली आणि माझ्यासमोर धरली. मानेमागे जाड कॉलर, त्यावर पकडायला पट्टा, आणि पायांमधून घेऊन पुढे अडकवायचा रुंद पट्टा. आत शिवलेल्या चिठ्ठीवर किती किलोच्या मुलासाठी ते लिहिलेलं. मी पुन्हा खांदे धरून उचललं, तर या वेळी जॅकेटबरोबर मुलगाही वर आला. वेगळे पैसे देऊन आम्ही त्याच्याच बोटीनं तासाभरानं गेलो आणि पोरांनी संध्याकाळपर्यंत वाळूतून उठायचं नाव घेतलं नाही.

म्हणजे मुलांच्या मापाची जॅकेटं त्याच धक्क्यावर, आमच्या बोटीपासून दहा पावलांवर होती. आमच्यासाठी ती कुणी मागितलीच नव्हती.

परत आल्यावर मी बुकिंगचा फॉर्म काढून बघितला. शाकाहारी की जैन जेवण, पलंग जोडलेले की वेगळे, लग्नाचा वाढदिवस कधी, सगळं विचारलेलं होतं. मुलांची जन्मतारीखही होती, पण ती तिकिटाच्या दरासाठी. वजन कुठेच नाही. लाइफ जॅकेट वयावर बसत नाही, वजनावर आणि छातीवर बसतं. माझ्याकडे एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या छातीत चार-चार इंचांचा फरक असतो.

हे घडल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. जॅकेट किती जोरानं तरंगवतं ते न्यूटनमध्ये लिहितात; त्यावर ‘५० न्यूटन’ असं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी असतं. न पोहणाऱ्याला निदान १०० लागतं, ते माणसाचं तोंड पाण्याच्या वर राहील अशा बेतानं बनवलेलं असतं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं जड, म्हणून ती चटकन पालथी होतात. कॉलर त्यासाठी असते. दंडात घालायचे हवेचे फुगे हा खेळ आहे. ते घालून पोरांना पाण्यात सोडून आईबाप फोटो काढताना मी या सहलीत रोज पाहिले आणि मला राहवलं नाही की जाऊन सांगत होते. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नसतो. हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवं.

आपल्याकडे १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेली बोट मुंबईच्या समुद्रात टक्कर होऊन बुडाली. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पण अंगात जॅकेट आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, ते मुलाला बसतंय का हे बघायला दहा सेकंद लागतात. खांदे धरून उचलायचं. ते कानांपर्यंत वर आलं तर उतरवायचं आणि दुसरं मागायचं. मॉरिशस असो, फुकेत असो की आमचं तारकर्ली.

वाचकांनी पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारावं, की आमच्या मुलाच्या वजनाचं जॅकेट बोटीवर असेल का, आणि उत्तर लेखी घ्यावं. धक्क्यावर दहा माणसं खोळंबलेली असताना ‘नाही’ म्हणणं फार जड जातं, हे मी अनुभवलं आहे.

आणि सहली नेणाऱ्या सर्व मराठी संस्थांना हात जोडून विनंती, की तुमच्या फॉर्ममध्ये मुलांच्या जन्मतारखेशेजारी वजनाचा एक रकाना घाला आणि तो आकडा तिथल्या बोटवाल्याला आदल्या दिवशी कळवा.

आपली,
गणवेश शिवणारी एक वाचक
डोंबिवली (पूर्व)