डिटेन्शन सेंटर: आधी शेजाऱ्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत डिटेन्शन सेंटर (बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांना परत पाठवेपर्यंत ठेवण्याचे केंद्र) उभारण्याविषयीच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात, म्हणून हे पत्र. मी मूळचा नेरूळचा. २०१९ मध्ये गृहखात्याने सिडकोकडे नेरूळमध्येच अशा केंद्रासाठी जागा मागितल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनच प्रश्न होते: फ्लॅटचे भाव पडणार का, आणि त्यांना पाणी कुठून देणार? मला ते फार कोते वाटले होते. आता न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जवळच्याच न्यूअर्क शहरात जे घडले ते पाहिल्यावर वाटते, ते प्रश्न चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते.

न्यूअर्कच्या डोरेमस अव्हेन्यूवर ट्रक, टाक्या आणि मैलापाण्याचा वास. तिथेच एसेक्स काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा तुरुंग आहे. त्यातल्या रिकाम्या खाटा 'आइस' हे बेकायदा स्थलांतरितांना पकडणारे अमेरिकेचे केंद्रीय खाते त्यांना ठेवायला भाड्याने घ्यायचे, माणशी दिवसाला ११७ डॉलर. वर्षाकाठी काही कोटी डॉलर जमा होत. असा पैसा एकदा अंदाजपत्रकात बसला की तो उठवायला कोणी धजावत नाही. काउंटीत सत्ता डेमोक्रॅट पक्षाची. व्यासपीठावर ट्रम्पविरोधी भाषणे आणि तिजोरीत आइसचे पैसे, हे दोन्ही सुखाने चालले होते. शेजारच्या हडसन काउंटीत नोव्हेंबर २०२० मध्ये आइसशी असलेला असाच करार वाढवण्यावर सुनावणी झाली. लोक दहा तासांहून जास्त वेळ बोलत राहिले, बहुतेक सगळे विरोधातच. तरी शेवटी काउंटीच्या मंडळाने करार वाढवला.

एसेक्सच्या तुरुंगाबद्दल सरकारच्याच तपासनिसांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात बुरशी आलेल्या पावाचा उल्लेख आहे. टाकून देण्याऐवजी तो पुडिंगसाठी राखून ठेवला होता. कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात पहारेकऱ्याचे भरलेले पिस्तूल राहून गेले आणि ते सापडले साफसफाई करणाऱ्या बंद्याला!

पुढे आंदोलनांचा जोर वाढला आणि २०२१ मध्ये दोन्ही काउंट्यांनी आइसला नकार दिला. आम्हाला वाटले, सुटलो. पण खाटा बंद झाल्या म्हणून माणसे सुटली नाहीत. अनेकांना दूरच्या राज्यांत हलवले, जिथे दर आठवड्याला भेटायला जाणाऱ्या बायकोला विमानाचे तिकीट काढावे लागते आणि वकील फक्त फोनवर मिळतो. या बाजूचा विचार आमच्यापैकी कितीजणांनी केला होता? मी तरी केला नव्हता. एसेक्सने मात्र रिकाम्या खाटांचा बंदोबस्त लगेच केला: शेजारच्या युनियन काउंटीचे कैदी पैसे घेऊन ठेवून घेतले.

त्याच वर्षी राज्याने आइसशी असे नवे करार करायला बंदी करणारा कायदा केला. खासगी कंपन्यांच्या बाबतीत तो न्यायालयात टिकला नाही. मे २०२५ मध्ये त्याच रस्त्यावर, तुरुंगाला लागूनच, जिओ ग्रुप या खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीचे डिलेनी हॉल हे आइससाठीचे केंद्र सुरू झाले: हजार खाटा, पंधरा वर्षांचा करार, किंमत सुमारे शंभर कोटी डॉलर. महापालिका म्हणत होती भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि न्यायालयातही गेली. ९ मे रोजी महापौर रास बराका यांनाच तिथे अटक झाली. आरोप नंतर मागे घेतला. जूनमध्ये जेवणावरून आत गोंधळ झाला आणि चौघे बंदी भिंत फोडून पळाले. आता भाड्याचे पैसे कंपनीला, आणि रस्ता, पोलीस, निदर्शने हे सारे शहराच्या गळ्यात.

या भागातल्या अशाच एका केंद्रावर (कोणते ते लिहीत नाही) मी एकदा ओळखीच्या एका गुजराती बाईंना गाडीने सोडले. बाहेर सावली नाही, बसायला बाक नाही. रस्त्याकडेला घडीचे टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि खाली खोक्यात ढगळ पँटी. भेटायला आलेल्यांचे कपडे नियमात बसले नाहीत तर परत पाठवतात, म्हणून त्या पँटी. आमच्या बाईंचा कुर्ता बिनबाह्यांचा होता; त्यांना कोणाचा तरी पुरुषी शर्ट मिळाला, बाह्या बोटांच्याही खाली. टेबल मांडणाऱ्या आजी निवृत्त शिक्षिका होत्या. खर्च कोण करते, असे विचारले तर म्हणाल्या, "मी आणि आमचे चर्च." तेवढ्यात पाणी संपले म्हणून माझ्याकडून दोन खोकी आणवून घेतली.

आपल्याकडे डोकी मोजून जिल्ह्याला भाडे मिळण्याचा प्रकार नाही, एवढे बरे. पण मुंबईत जागेचा शोध चालू असताना चर्चा एकर आणि निकषांचीच होते. आपल्या बातमीदारांनी संबंधितांना विचारावे: वॉर्डात सुनावणी घेणार का? आतला माणूस रात्री आजारी पडला तर कोणत्या पालिका रुग्णालयात नेणार, आणि तिथे आधीच किती गर्दी आहे? पहाऱ्याचे पोलीस कोणत्या ठाण्यातून काढणार? बंद्याची आई भेटायला आली तर स्टेशनवरून तिथे बस जाते का, आणि तिने थांबायचे कुठे?

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)