मलिद्याच्या ताटाला बळी म्हणायचं का?

लोद, इस्रायल

प्रिय मावशी,

शालोम. शेजारच्या काकूंनी तुला विचारलं, "तुमच्यात देवाला बळी देतात का हो?" आणि तू "छे, आमच्यात असलं काही नसतं" म्हणून मोकळी झालीस. मग रात्री तुझ्या मनात आलं की आपल्या यहुद्यांच्या धर्मग्रंथात, तोरात, तर पानंच्या पानं बैल, मेंढे आणि बकरे आहेत, त्यांचं काय? तू फोन केलास तेव्हा मी बसमध्ये होते आणि असल्या गोष्टी उभ्याउभ्या बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. लांबलं तर दोन बैठकीत वाच.

तुझं उत्तर चुकीचं नव्हतं. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि आपल्यातलं बळी देणं तिथेच थांबलं. ते दुसरीकडे कुठे करायची मुभाच नव्हती. पण काकूंच्या डोक्यात जे होतं, गावदेवीला कोंबडं मानायचं आणि काम झालं की फेडायचं, त्यावर नाक मुरडू नकोस. नवस आपल्यातही आहेत. मुलगा परीक्षेत पास होऊ दे, एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, म्हणजे संदेष्ट्या एलियाच्या नावाने गोड पोह्यांचं ताट, हे तूच कितीदा बोलली असशील!

बळीचे बहुतेक नियम तोरातल्या तिसऱ्या पुस्तकात, वायिक्रात आहेत. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक त्या पुस्तकाला लेवीय म्हणतात. मी ते पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा कंटाळले, खोटं कशाला सांगू. चरबी कुठली जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं, हेच चाललेलं असतं. पुन्हा वाचताना मात्र मला त्यात माणसं दिसायला लागली. बैल आणणारा श्रीमंत दिसला. त्याच्या मागे बकरं घेऊन आलेला. त्याच्यामागे दोन पारवे हातात धरून उभा असलेला गरीब. आणि पारवेही परवडत नाहीत अशाने पापाच्या अर्पणाला नुसतं पीठ आणायचं, एफा नावाच्या मापाचा दहावा भाग, त्यावर तेल नाही की धूप नाही. पिठाचं अर्पण याजक तितक्याच काळजीने घेतो, मूठभर वेदीवर जाळतो. रिकाम्या हाताने परत कोणाला पाठवायचं नाही, अशी ती सोय आहे.

जनावर आणणाऱ्याने त्याच्या डोक्यावर स्वतः हात टेकवायचा. हा हात दुसऱ्याच्या वतीने ठेवत नाहीत. अर्पण पैसे पाठवून उरकण्याजोगं नव्हतं. बेथलेहेमच्या पलीकडून आलेल्या शेतकऱ्याला त्या गरम, घाबरलेल्या डोक्यावर तळहात ठेवून उभं राहावंच लागायचं. देवाला मांस हवंय म्हणून हे सगळं, असं मात्र नाही. पन्नासाव्या तेहिल्लीमात, म्हणजे स्तोत्रात, देवच म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. आणि होशेया नबी तर सरळच बोलतो, मला बळी नको, दया हवी.

मला सगळ्यात आवडतो तो चोरीचा नियम. कोणी दुसऱ्याचं लुबाडलं, ठेव नाकारली, खोटी शपथ घेतली, आणि मग त्याला पस्तावा झाला, तर मेंढा घेऊन थेट मंदिरात धावायचं नाही. आधी ज्याचं आहे त्याला परत करायचं, वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि मग मेंढा आणायचा. देवाच्या दाराकडे जाणारी वाट त्या माणसाच्या अंगणातून जाते. दारफाळणीच्या सणाचंही, म्हणजे पापक्षमेच्या योम किप्पूरचंही, तेच आहे. दिवसभर उपास धरला तरी शेजाऱ्याशी केलेला अन्याय शेजाऱ्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असं मिश्नात, रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, सांगितलंय. गावातल्या भाऊबंदकीच्या जमिनी आठव आणि सांग, किती जण मेंढ्यापर्यंत पोचतील!

आता मूळ मुद्दा. बळीचे बरेच प्रकार होते. काही पूर्ण जाळायचे, त्यातलं कोणीच काही खायचं नाही. पण आभाराचं एक अर्पण होतं, तोदा. जिवावरच्या संकटातून वाचलेल्या माणसाने ते आणायचं. तालमूदमध्ये, म्हणजे त्या नियमांवरच्या रब्बींच्या चर्चेत, असे चार जण सांगितलेत: समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. त्याने जनावराबरोबर 40 भाकरी आणायच्या, 30 बेखमीर आणि 10 खमिराच्या. प्रत्येक प्रकारातली एक, अशा 4 याजकाला. उरलेल्या 36 आणि बहुतेक सगळं मांस त्याचं. पण अट अशी की सकाळपर्यंत काही उरता कामा नये. साध्या शांतीच्या अर्पणाला दोन दिवस मिळतात, आभाराला एकच. रब्बींनी तर तेही मध्यरात्रीवर आणून ठेवलं.

एका कुटुंबाने एक मेंढा आणि 36 भाकरी एका रात्रीत कशा संपवायच्या? म्हणजे हाका मारणं आलं. ओळखीचे, अनोळखी, यात्रेला आलेले, जो दिसेल त्याला बसवायचं. आणि जेवताना प्रत्येकजण विचारणारच, काय झालं होतं हो? मग तो सांगणार. जुन्या भाष्यकारांनीही हे हेरलंय, की वेळ कमी दिला तो माणसं जास्त यावीत म्हणून. वायिक्रातलं देवाजवळ जाणं मला इथे कळलं. एकट्याने डोळे मिटून आभार मानायला काही लागत नाही, पण तोदा एकट्याने होतच नाही.

आणि हे वाचताना मला आपल्या घरचं ताट दिसलं. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, बदाम, मनुका, वर फळं, मधे गुलाब. एलियाहू हन्नाबीचं गाणं, मग झाडाच्या फळाचा बेराखा (आशीर्वचन), जमिनीतल्या फळाचा, सुवासाचा. आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात मूठ. लग्न ठरलं, घर घेतलं, दुखण्यातून उठलो, आपण मलिदाच करतो. आळीतली माणसं आल्याशिवाय कधी केलाय का? परंपरा म्हणते की आपले पूर्वज मंदिर उभं असतानाच निघाले आणि अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून सात जोडपी वाचली. समुद्रातून वाचलेले म्हणजे चारांतले पहिलेच. तोदा देणं लागत होते, पण मंदिर हजारो मैल लांब. मलिदा तिथूनच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पीर-फकिरांच्या दर्ग्यातही मलिदा असतो, नाव तर तेच. पण त्यात जे ओतलं गेलं ते कुठून आलं असेल, याची मला शंका नाही.

इथल्या लोकांना हे समजावताना माझी जीभ थकते. पोह्याच्या ताटाभोवती बसून गाणारे हे यहुदी कसले, अशा नजरा आमच्या आधीच्या पिढीने फार सोसल्या. आपण कोकणातले बेने इस्रायल पूर्ण यहुदी आहोत हे इथल्या सरकारकडून नि:संदिग्धपणे वदवून घ्यायला 1964 उजाडलं, त्यासाठी आपली माणसं रस्त्यावर बसली. देवाच्या जवळ कोणी यायचं हे माणसं ठरवायला लागली की असं होतं. असो.

प्रत्यक्ष बळी मी एकदाच पाहिला, कोरोनाच्या आधी, नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगरावर. शोमरोनी लोकांचा, फक्त तोरा मानणाऱ्या त्या छोट्या जुन्या पंथाचा. जगात ते जेमतेम 800-900 उरलेत, काही तिथे डोंगरावर आणि बाकीचे तेल अवीवजवळच्या होलोनला. त्यांच्या लेखी मंदिराची जागा यरुशलेम नाहीच, गरिझीम आहे, म्हणून त्यांचा वल्हांडणाचा, मिसरातून सुटकेच्या सणाचा, बळी आजही चालू आहे. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष, मेंढ्या, संध्याकाळ. सूर्य बुडाला आणि मुख्य याजकाने शेमोतातला, तोरातल्या दुसऱ्या पुस्तकातला, वल्हांडणाच्या बळीचा उतारा म्हटला तशा सुऱ्या फिरल्या. सगळे ओरडून एकमेकांना मिठ्या मारत होते, पोरांच्या कपाळाला रक्ताचा टिळा. मग मेंढ्या लाकडी दांड्यावर चढवून जमिनीतल्या खोल भट्ट्यांत उतरवल्या, वर जाळी आणि चिखल. मध्यरात्रीनंतर कडू भाजीबरोबर भराभर खाणं, आणि उरलेलं जाळून टाकणं. मला मळमळलं. पण एक म्हातारा ज्या पद्धतीने मेंढीच्या मानेवरून हात फिरवत होता, ते विसरता येत नाही.

माझ्या दिराला वाटतं मंदिर पुन्हा उभं राहावं आणि हे सगळं सुरू व्हावं. प्रार्थनेच्या पुस्तकात तेच मागितलंय, तो म्हणतो, मग तू कुठल्या तोंडाने आमेन म्हणतेस? मी त्याला रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले पंडित मायमोनिदेस, यांचं लिखाण दाखवते. त्यांनी लिहिलंय की मिसरातून निघालेल्या लोकांना बळीशिवाय पूजा कल्पनेतही येत नव्हती, म्हणून देवाने ती सवय मोडली नाही, स्वतःकडे वळवली. दीर लगेच रामबान, म्हणजे त्यांच्या नंतरचे पंडित नाहमनिदेस, काढतो, ज्यांनी या मताला कडाडून विरोध केला होता. शुक्रवारी रात्री मनुकांच्या शरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथाचं आशीर्वचन, होतो, भाकरी मिठात बुडवतो, आणि भांडण तिथून पुढे सुरू. तो म्हणतो, प्रत्येक अर्पणाला मीठ हवं असं वायिक्रात आहे, मग तुझं टेबल ही वेदीच झाली, आणि वेदी मानतेस तर बळी का नाही? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मला बळी नको आहे, एवढंच पक्कं.

तेव्हा काकूंना सांग, आमच्यात बळी होता, आता नाही. मलिद्याला बोलव त्यांना, म्हणजे बाकीचं समजावत बसावं लागणार नाही.

मावशी, एक विचारायचंय. आजी मलिद्याच्या ताटात एका बाजूला कोंबडीची शिजवलेली कलेजी ठेवायची असं मला अंधुक आठवतं. इथे कोणीच ठेवत नाही, आणि माझ्या सासूबाई म्हणतात मी स्वप्न बघितलं. काकांना विचार. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टापाशी (घोड्याच्या खुराची खूण मानतात तिथे), तू बिशवातच्या म्हणजे झाडांच्या सणाला लोक जमतात तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बायकांनाही विचार, आणि ठेवत असतील तर ती शेवटी कोण खायचं तेही. जानेवारीत भाऊ येतोय, त्याच्या हाती जाडे पोहे दोन किलो दे. इथे मिळतात ते पाण्यात घातले की लापशी होते.

काकांना शालोम, पोरांना पापे.

तुझी,
भाची