कारागिरांचे हातही अर्पणाचेच

महोदय,

‘प्रभूने दिलेले दान प्रभूसाठी वापरा’ असे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगितले की गायक, वादक आणि उपदेशक एवढेच डोळ्यांसमोर येतात. ज्याला सूर लागत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, तो आपल्याकडे द्यायला काहीच नाही असे धरून मागच्या बाकावर बसतो. हा समज मला फार खुपतो, कारण पवित्र शास्त्रात त्याला काडीचा आधार नाही.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की, मी बसालेलाला माझ्या आत्म्याने भरले आहे. बसालेल संदेष्टा नव्हता, कारागीर होता. सोने-रुपे घडवणे, रत्ने कोरणे, लाकडावर नक्षी काढणे हे देवाच्या निवासमंडपासाठी त्याचे काम. पुढे ३५ व्या अध्यायात त्याच मंडपासाठी बकऱ्यांचे केस कातणाऱ्या स्त्रियांचीही नोंद आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांतली यापो गावची शिष्या दुर्कस! ती वारली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिने कोणाला काय उपदेश केला हे त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. तिने काय शिवले ते लिहितो.

माझ्या पाहण्यातली एक तरुणी उपासनेत एका बहिऱ्या गृहस्थांसमोर तिरकी बसते, म्हणजे तिचे हात आणि उपदेशपीठ दोन्ही त्यांना एकदम दिसावेत. अख्खा उपदेश ती खुणांच्या भाषेत सांगते. प्रार्थना संपली की त्यांचे हात सगळ्यांच्या ‘आमेन’बरोबरच उठतात. त्यासाठी ती उपदेशाचा उतारा आदल्या दिवशी मागून घेते आणि अवघड शब्दांची तयारी करते. अर्पण म्हणतात ते हेच. उरलासुरला वेळ देणे वेगळे.

मत्तय २५ मधल्या येशूच्या दाखल्यातल्या तिसऱ्या चाकराने धन्याने सोपवलेले धन न वापरता पुरून ठेवले ते भीतीपोटी. आपल्याकडे ही भीती पुष्कळदा मंडळीच घालते. नवख्याला संधी मिळत नाही, वर्षानुवर्षे तीच माणसे पुढे असतात. दुसऱ्या टोकाला, ‘देवाचे काम’ म्हणून एखाद्या सुताराला किंवा हिशेबनिसाला फुकट राबवून घेणेही चूकच. प्रेषित पौलाने करिंथ इथल्या मंडळीला स्पष्ट लिहिले आहे की, देणे खुशीचे असावे, भिडेखातर नसावे.

पाळकांना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे की, घरभेटीला गेल्यावर वर्गणीबरोबर एवढेही विचारावे: तुम्हाला काय करता येते, आणि ते करायला तुम्हाला आवडेल का?

– एक वाचक